अर्धं सुंबरान

मार्चचा पंधरवडा उलटला की आमच्या कॉलेजात प्रकल्पांचे गठ्ठे यायला लागतात आणि माझा पारा चढायला लागतो. वर्षभर मी तशी बरी असते. पोरं उशिरा आली तर चालवून घेते, तासाला कुणाचा मोबाइल वाजला तर फळ्याकडं तोंड करून हसते. पण टेबलावर स्पायरल बाइंडिंगची चळत लागली, खिडकीतून पेटवलेल्या पाचटाचा वास आत आला आणि घोडनदीकडून दुपारचा कोरडा वारा सुटला, की मी कुणाशी धड बोलत नाही. शिपाईसुद्धा त्या दिवसांत माझ्यासमोर चहा ठेवून मुकाट्यानं निघून जातो.

यंदा एक मुलगी विषय घेऊन आली. म्हणाली, मॅडम, मी एका गाण्याच्या व्हिडिओचं विश्लेषण करणार आहे. लोकसंगीत आहे, पण नव्या पोरांनी केलेलं, कुठल्या कंपनीचं नाही, त्यांचं त्यांनीच. मी म्हटलं, दुसरं काहीही घे. साबणाची जाहिरात घे, मालिकेतली सासू घे, निवडणुकीची पोस्टरं घे. तिनं कारण विचारलं. शेवटी वैतागून म्हटलं, बरं, घे तेच, पण त्यातलं गाणं संपतं का तेवढं आधी बघून ये. गाणं संपतं की नाही हा काय विश्लेषणाचा मुद्दा झाला, असं तिच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. तिचं काही चुकलं नाही. माझ्या वर्गात मी तिला जे शिकवलं त्यात हा मुद्दा कुठंच नाही.

माझ्या डोक्यात तो बसला त्याला आता वीसेक वर्षं झाली. दोन हजार तीन-चारचा सुमार असेल. मी पुण्यात माध्यमशास्त्राच्या एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. शनिवारी दुपारी नगर रोडच्या एसटीत बसून शिरूरला घरी यायचं, आणि महिन्या-दोन महिन्यांनी आईबरोबर तिच्या माहेरी, राहूला. शिरूरहून राहूकडं निघालं की नदीवरच्या पुलापाशीच हवा बदलायची. इकडची बाजरी-ज्वारीची उघडी रानं संपून दोन्ही बाजूंनी ऊस उभा राहायचा आणि गुऱ्हाळांच्या चिमण्यांचा धूर दिसायच्या आधी उकळत्या रसाचा वास यायचा. तो वास आला की आई एसटीतच पदर नीट करायची. माहेर आलं म्हणून.

माझे धोंडूमामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. आम्ही धनगर, पण मामांच्या दारात मेंढरू उरलं नव्हतं. रानाला पाणी आलं तेव्हा आजोबांनी मेंढरांचं सगळं खांड विकलं आणि ऊस लावला. त्याला इतकी वर्षं झाली होती की मामांच्या पोरांना मेंढीची धार काढता येत नव्हती, मोटारीचा फ्यूज मात्र डोळे झाकून बदलता यायचा. मेंढरांबरोबरचं बहुतेक सगळं गेलं. राहिली ती एक गोष्ट, ओव्या. आमच्या बिरोबा देवाची कथा थोडी गायची, थोडी सांगायची. मामा पुढं आणि नदीपलीकडच्या मांडवगण फराट्याचे म्हाळूआबा मागं झील धरायला, म्हणजे त्यांची ओळ उचलून लांबवायला. म्हाळूआबा मामांपेक्षा वयानं मोठे, पण गाण्यात मामांच्या मागं. दोघांचे आवाज एकमेकांत असे मिसळायचे की कुठं एकाचा संपला आणि दुसऱ्याचा लागला ते मला कधी कळलं नाही.

या ओव्यांची सुरुवात सुंबरानानं होते. सुंबरान म्हणजे स्मरण, असं पुस्तकात लिहिलेलं असतं, पण मामांच्या घरी त्याचा अर्थ नुसतं आठवणं एवढाच नव्हता. सुंबरान मांडलं म्हणजे देवाला हाक मारली. हाक मारली म्हणजे तो निघाला. मग त्याची कथा पूर्ण करून, त्याला त्याच्या ठाण्यावर पोचवून, भंडारा उधळूनच उठायचं. मधे पाऊस आला, वीज गेली, कुणाला विंचू चावला, तरी एकानं उठायचं आणि दुसऱ्यानं पुढं न्यायचं. मांडलेलं अर्ध्यात सोडायचं नाही. मामा तापात पडलेले असताना आबांनी एकट्यानं कथा शेवटाला नेल्याचं आई अजून सांगते.

त्या वर्षी दिवाळीच्या अलीकडं पुण्याहून चार पोरं आणि एक मुलगी मामांकडं आली. त्यांचा म्होरक्या निनाद, गिटार वाजवणारा. पोरगा सालस होता. हे मी मुद्दाम सांगते, कारण त्याच्यावर खापर फोडून मोकळं होणं मला फार सोयीचं झालं असतं. कुठल्याशा कार्यक्रमात त्यानं मामांना ऐकलं होतं आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यातून तो आवाज जाईना. मामांचा आवाज, त्याची गिटार, आणि स्वतःच्या हिमतीवर काढलेला व्हिडिओ, असा त्याचा बेत होता. मामांनी एकच विचारलं, म्हाळूआबांना बोलवू ना? तो म्हणाला, हो, अगदी.

मी सुट्टीला गेले होते, त्यामुळं ते शूटिंग मी डोळ्यांनी पाहिलं. निनादनं मामांना मेंढरं कुठं आहेत विचारलं. मामांनी उसाकडं हात केला. मग शेजारच्या रानात एका वाटसरू धनगराचं खांड बसलं होतं, ते तासाभरासाठी मागून आणलं. मामांची पांढरी टोपी उतरवून लाल पटका बांधला. तो बांधायला मामांनाही जमेना, शेवटी मेंढरंवाल्यानं बांधून दिला. खांद्यावर घोंगडं दिलं. ऑक्टोबरचं ऊन, मामांच्या कानशिलावरून घाम ओघळतोय, आणि कॅमेऱ्यामागचा पोरगा म्हणतोय, काका, घोंगडं जरा अजून वर. विजेचा खांब मधे येत होता म्हणून सगळ्यांना ओढ्याकडं नेलं. तिथं पाइपलाइन दिसत होती म्हणून परत माळाकडं आणलं.

आणि मग गाणं. मामांनी डोळे मिटून सुंबरान मांडलं. आबांनी झील धरली. दोन-तीन ओळी झाल्या असतील, कॅमेऱ्यामागून आवाज आला, कट. पुन्हा. पुन्हा मांडलं, पुन्हा कट. एकदा मेंढरू मधे आलं, एकदा ढग आला, एकदा सगळं छान झालं म्हणून आणखी एकदा. दर वेळी मामा डोळे उघडून बघायचे आणि विचारायचे, पुढं जाऊ का? निनाद म्हणायचा, नाही काका, एवढंच हवंय, परत पहिल्यापासून. दुपारभर मामांनी देवाला हाक मारली आणि दुपारभर त्याला अर्ध्या वाटेत उभं केलं. मंडळी गाडीत सामान भरून, मामांच्या पायाला हात लावून गेली. मामांनी पटका उतरवला, हातपाय धुतले, जेवण नको म्हणाले, आणि आबांना घेऊन बिरोबाच्या ठाण्यापुढं जाऊन बसले. सगळी कथा शेवटापर्यंत गाऊनच दोघं उठले. घशाचं पार खोबरं झालं होतं, पण तोंडावर समाधान होतं. त्या दिवसापुरतं मिटलं, असं मलाही वाटलं.

मिटलं कसलं. संक्रांतीच्या सुमारास तो व्हिडिओ केबलवरच्या गाण्यांच्या चॅनेलवर लागला.

पहिल्यांदा लागला तेव्हा मामांच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. गावातला माणूस टीव्हीवर. गाणं होतं साडेतीन-चार मिनिटांचं. त्यात मामांच्या सुंबरानाच्या त्याच दोन-तीन ओळी पुन्हा पुन्हा येत होत्या, खाली गिटार, मधे निनादचा हळू आवाज, आणि शेवटी मेंढरं माळाच्या पलीकडं उतरताना मामांची हाक लहान लहान होत विरून गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामींनी पोहे केले होते. मामा मात्र टीव्हीपुढं मांडी घालून तसेच बसून राहिले. मग हलक्या आवाजात त्यांनी पुढची ओळ धरली. लोकांना वाटलं, खुशीत आले. सगळे ऐकत बसले. मामांनी कथा पूर्ण केली, भंडारा लावला, तेव्हा पोहे गार झाले होते.

दुसऱ्या दिवशी ते गाणं सकाळी लागलं, दुपारी लागलं, संध्याकाळी दोनदा लागलं.

माझी खरी चिडचिड इथून सुरू होते. सगळं गाव मामांवर प्रेम करत होतं आणि त्या प्रेमानंच त्यांचे हाल चालले होते. गाणं लागलं की कुणीतरी धावत यायचं, मामा, लागलं, लागलं. शेजारच्या गुऱ्हाळावरचे युपीचे कामगार कढईपाशी रस ढवळता ढवळता ओरडायचे, चाचा, आपका गाना आया. दौंडला मालाच्या कामाला गेले तर स्टेशनाबाहेरच्या कॅसेटच्या दुकानात तेच. मामा दर वेळी थांबायचे. आधी जमेल तेवढी कथा म्हणायचे, मग नुसत्याच शेवटाकडच्या ओळी, मग ओठांतल्या ओठांत काहीतरी. हातात खोरं असलं तर खोरं बाजूला ठेवून. त्यात विजेची पाळी निघून जायची आणि ऊस कोरडा राहायचा. मामींचा संयम सुटला. त्या आईला म्हणाल्या, तुझ्या भावाला टीव्हीत घातलं आन् घरातला माणूस गेला.

मी मामांशी वाद घातला. मी शिकलेली, तेही नेमकं त्यातलंच. त्यांना समजावणं ही माझी जबाबदारी आहे असं मला वाटलं.

"मामा, ते रेकॉर्डिंग हाय. तवाचं हाय ते. तुम्ही आता थोडंच गाताय?"

"आवाज कुणाचा हाय?"

"तुमचाच."

"हाक कुणाला मारतोय?"

"देवाला."

"मग त्याला काय ठावं, हाक घरातनं आली का खोक्यातनं?"

मामा चिडून बोलत नव्हते. ते मलाच कळवळून सांगत होते, की त्यांच्या नावानं दिवसातून चार-पाच वेळा कुणाला तरी बोलावलं जातंय आणि कुणीही त्याला पोचवायला जात नाही. मग म्हणाले, तू त्याच पोरांच्यात शिकतीस, त्यांना सांग, शेवट लावा म्हणावं. एवढं एक काम कर माझं. मामांनी मला उभ्या जन्मात सांगितलेलं हे एकमेव काम.

इकडं माझ्या प्रबंधाचा विषय ठरायचा होता. मी हाच व्हिडिओ घेतला. वाटलं, या निमित्तानं सगळ्यांशी बोलता येईल, काहीतरी करता येईल. विश्लेषण करायला तो व्हिडिओ म्हणजे पर्वणीच होती. लाल पटका हे चिन्ह, घोंगडं हे चिन्ह. खालून लावलेला कॅमेरा, म्हणजे माणूस डोंगराएवढा. विजेचा खांब, पाइपलाइन, मोटार, ऊस हे सगळं चौकटीबाहेर, म्हणजे काळ गोठवलेला. शहरानं गावाकडं पाहिलं आणि गावानं त्याला हवं तसं दिसावं अशी व्यवस्था केली. मी झपाट्यानं लिहीत गेले. खोटं एक अक्षर लिहिलं नाही. आमचे मार्गदर्शक सर घोंगड्यावरचा भाग वाचून खूश झाले, समासात उत्तम असं लिहिलं. मामांच्या त्रासावर मी चार पानं लिहिली होती, त्यांवर मात्र लाल शाईत आडवी रेघ आणि शेजारी शेरा: व्यक्तिगत, वगळावे.

मी त्यांच्या खोलीत जाऊन भांडले. भांडले म्हणजे विद्यार्थिनी जितपत भांडू शकते तितपत. सगळी हकीकत सांगितली. सर ऐकता ऐकता खुर्चीत पुढं सरकले, त्यांचे डोळे चमकायला लागले आणि माझी आशा वाढली.

"अहो, हे तर फारच छान आहे," ते म्हणाले. "संहिता अपुरीच असते, ती प्रेक्षक पूर्ण करतो, हेच तर आपण शिकतो. तुमचे मामा म्हणजे सक्रिय प्रेक्षकाचं चालतंबोलतं उदाहरण आहेत."

"सर, पण त्यांना उसाला पाणी द्यायचं असतं."

सर मनापासून हसले. उदाहरण म्हणून तळटीपेत घाला, म्हणाले. दुखणं हाल्याला आणि डाग पखालीला, तसं झालं. सिद्धांताला माझे मामा सापडले, मामांना सिद्धांताचा काडीचा उपयोग झाला नाही. मी बाहेर येऊन जिन्यात बसले आणि रडले. मला राग सरांचा आला होता की त्यांचं म्हणणं शब्दशः बरोबर होतं याचा, ते अजून ठरवता येत नाही.

मग निनादकडं गेले. त्याच्या खोलीत जमिनीवर गाद्या, भिंतीला टेकवलेल्या गिटारी, आणि मामांचा मोठा फोटो लावलेला. मी शेवट लावण्याचं बोलले. तो गोंधळला. म्हणाला, मुद्दामच विरत नेलंय, गाणं पुढं चालूच आहे असं वाटावं म्हणून, शेवट केला तर ते बंद होईल. मी म्हटलं, ते बंद व्हायलाच हवंय. त्याला सगळं सांगितल्यावर तो म्हणाला, येतो मी, शेवटच्या दोन ओळी घेऊ आणि जोडू, हाय काय आणि नाय काय. पोरगा सालस होता असं मी म्हटलं ते उगाच नाही.

मार्चमधली गोष्ट. ऊस तुटून गेला होता, रान काळं पडलं होतं, गुऱ्हाळं शेवटच्या टप्प्यात होती आणि बांधाबांधावर उन्हाळी कांद्याच्या राशी लागल्या होत्या. माझी प्रबंधाची मुदत तोंडावर आलेली. निनाद हातात मावणारा छोटा कॅमेरा घेऊन आला. मामा सकाळीच आंघोळ करून तयार होते. म्हाळूआबा मांडवगणहून वडापच्या जीपमधून लोंबकळत आले होते. मामींनी अंगण सारवून घेतलं होतं. एवढे दिवस कपाळावर आठ्या असलेलं ते घर त्या सकाळी मोकळं झालं होतं. निनादनं कॅमेरा लावला आणि म्हणाला, काका, शेवटच्या दोनच ओळी म्हणा.

मामांना कळेना. त्यांनी विचारलं, आन् मधलं?

निनाद म्हणाला, मधलं नको, ते कुठं बसणार नाही.

"आरं, पन त्यो अजून वाटंतच हाय," मामा म्हणाले. "पोचलाच न्हाई, तर माघारी कुठनं धाडू?"

मी कपाळावर हात मारला. किती खटपट करून मी या पोराला इथवर आणलं होतं. मी म्हटलं, मामा, दोन ओळी म्हणा आन् सुटा की एकदाचं. मामा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुला घाई हाय, बाय. तू हो म्होरं." आणि डोळे मिटून त्यांनी पहिल्यापासून सुंबरान मांडलं. मला त्या वेळी त्यांचा भयंकर राग आला होता, आणि खरं सांगायचं तर अजूनही थोडा येतो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशा माणसाला मदत करायची कशी?

निनादनं कॅमेरा बंद केला नाही, हे त्याचं मोठेपण. कथा निम्म्यावर आली आणि कॅमेऱ्याची बॅटरी संपली. दुसरी त्यानं आणलीच नव्हती. दोन ओळींसाठी कोण आणतं? मामा आणि आबा डोळे मिटून गात होते, त्यांना काहीच कळलं नाही. निनाद बंद पडलेला कॅमेरा मांडीवर घेऊन शेवटापर्यंत ऐकत बसला. भंडारा लावून घेतला. जाताना फाट्यापर्यंत मी सोबत गेले, तेव्हा म्हणाला, त्या टेपमध्येही देव वाटेतच राहिला. आणि चॅनेलवाल्यांना जे दिलंय ते आता बदलता येत नाही, हे मी आधी विचारायला हवं होतं. मग तो पुण्याच्या गाडीत बसून गेला.

झालं. त्यानंतर मामांनी केबल काढून टाकायला लावली. शेजारच्यांच्या केबलचं काय करणार? गुऱ्हाळावर जाणं बंद केलं. दौंडला जाणं थोरल्या पोराकडं दिलं. लोक म्हणायचे, टीव्हीवर आला आन् माणसात येईनासा झाला, लई शिष्ट झाला. मामांच्या कानावर तेही जायचं.

प्रबंध मी वेळेत दिला. तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, या व्हिडिओतलं घोंगडं काय सूचित करतं? मी म्हटलं, उकाडा. सगळे हसले. मग मी त्यांना हवं ते उत्तर दिलं, गोठवलेला काळ, हरवलेलं भटकेपण, शहराची स्मरणव्याकुळता. चांगले गुण मिळाले, त्याच गुणांवर पुढं ही नोकरी मिळाली. त्याच नोकरीत मी आता दर मार्चला पोरांना विचारते, कॅमेरा कुठं आहे, कुणाचा आहे, चौकटीबाहेर काय ठेवलंय. हे प्रश्न चांगलेच आहेत. मी त्यांच्यावर उखडलेली नाही. त्यांनी मला डोळे दिले. पण इथं काय मांडलंय आणि ते कोण पुरं करणार, असं विचारणारा एकही सिद्धांत मला इतक्या वर्षांत भेटला नाही. आणि तो प्रश्न मी वर्गात काढला की पोरं माझ्याकडं, बाई दमल्या वाटतं, अशा नजरेनं बघतात. मग मी फळा पुसते आणि पुढच्या मुद्द्याकडं वळते.

त्या वर्षी एप्रिल सरताना मामा कांदा घेऊन शिरूरच्या मार्केट यार्डात आले होते. दुपारी आमच्याकडं जेवले. उन्हं उतरल्यावर मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. राहूकडची गाडी लागायला अवकाश होता, म्हणून स्टँडसमोरच्या हॉटेलात चहाला बसलो. भिंतीवर उंच फळीवर टीव्ही होता. तो आधी माझ्या ध्यानातच आला नाही. गिटार ऐकू आली तशी मी उठले, म्हटलं, मामा, बाहेर उभं राहू. त्यांनी माझं मनगट धरून मला खाली बसवलं.

मामांनी ते सगळं गाणं पाहिलं. मान वर करून, शेवटच्या मेंढरापर्यंत. मी त्यांच्या ओठांकडं बघत होते. ओठ हलले नाहीत.

चहा देणाऱ्या माणसानं टीव्हीकडं बघितलं, मग मामांकडं, मग पुन्हा टीव्हीकडं. म्हणाला, "आप्पा, ह्ये तुम्हीच की." आजूबाजूच्या टेबलांवरच्या माना वळल्या. कुणीतरी कौतुकानं जागेवरून उठलंसुद्धा.

"न्हाई बा," मामा म्हणाले. "त्यो दुसरा कुणीतरी हाय."

"आवं, तोंड तेच, मिशा त्याच."

"आसंल तोंड. पन मांडलेलं अर्ध्यात टाकून जानारा मानूस आमच्यात न्हाई." मग ते माझ्याकडं वळले. आवाज अगदी शांत होता. "सांग की गं ह्याला. तू शिकलीयास त्यातलं."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. तो पडद्यावरचा माणूस कोण, तो मूळचा कसा, त्याला कसा सजवला, हे सांगण्यात मी सबंध प्रबंध खर्ची घातला होता. त्याची बांधून घेतलेली प्रत त्या वेळी माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होती.

"न्हाई," मी म्हटलं. "आमचे मामा न्हाईत ते. टीव्हीतला माणूस वेगळा हाय."

माझ्यावर त्यांनी विश्वास ठेवला. मी शिकलेली दिसत होते. माना परत वळल्या, उठलेला माणूस बसला, चहावाल्यानं फडकं मारून टेबल पुसलं. मामांनी बशीतला चहा संपवला आणि गाडी लागल्यावर माझ्या डोक्यावर हात ठेवून ते चढले. जन्मात एकदा टीव्हीवर दिसलेला माणूस मी चार लोकांत माझ्या तोंडानं पुसून टाकला, आणि त्या सबंध वर्षात मी शिकले, लिहिलं, भांडले, त्यातलं तेवढं एकच मामांच्या उपयोगी पडलं.